अकरा ग्रॅमची सूट

परमेश्वराने माणसाला डोळे दोन दिले, पण दोन्ही बाहेर पाहणारे दिले. शेजाऱ्याच्या सदऱ्यावरचा डाग या डोळ्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसतो. स्वतःच्या पाठीवरचा डाग दिसायला मात्र दोन आरसे आणि एक प्रेमळ माणूस लागते. आत पाहा, आत पाहा, असे सज्जन युगानुयुगे सांगत आले. पण आत पाहायचे कसे, किती वेळा पाहायचे, आणि पाहून जो आकडा येईल तो कोणत्या रकान्यात भरायचा, हे कोणी सांगून ठेवले नाही. ती उणीव एके दिवशी वजनमापे कार्यालयाच्या एका छापील तक्त्याने भरून काढली. आणि तो तक्ता ज्यांच्या हातात पडला त्या गुंजसाहेबांची ही कथा आहे.

गुंजसाहेब हे बाजाराने ठेवलेले नाव. गुंज म्हणजे सोनाराच्या ताजव्यातले अगदी चिमुकले माप, आणि साहेब तेवढीही खोट सोडत नाहीत, म्हणून गुंजसाहेब. काम तराजू तपासण्याचे. एकतीस वर्षे खांद्याला तीच चामडी पेटी. पेटीत मखमलीचे खळगे, खळग्यांत पितळेची वजने, लहानांपासून थोरांपर्यंत ओळीने निजलेली. सकाळी साहेब बाजारात शिरले की भाजीवाल्या मावशी आपणहून पारडे पुसून पुढे करीत, मासेवाला तराजूखालचा बर्फ सारीत असे, आणि सुतारकामाचे खिळे विकणारा म्हातारा म्हणे, "या साहेब, आज आमची परीक्षा." साहेब चिमट्याने वजन उचलत. प्रमाण वजनाला उघडा हात लावायचा नाही, हाताचा घाम लागला तरी त्याचे वजन बदलते. वजन पारड्यात ठेवत, श्वास रोखत, काटा थांबेपर्यंत थांबत. काटा मध्यावर आला की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटे, ते पाहून मावशी म्हणत, "देवळात तरी एवढं हसता का हो?" मग तारेचा फास, त्यावर शिशाची गोळी, गोळीवर ठसा. हे झाले सील. सील म्हणजे साहेबांचा शब्द; तो तोडण्याचा अधिकार दुकानदाराला नाही, आणि लेखी कारणाशिवाय साहेबांनाही नाही.

तर अशा या माणसाच्या कार्यालयात नव्या मुख्य अधिकारी मॅडम आल्या आणि त्यांनी सर्वांना बोलावून सांगितले, "पहिल्या तारखेपासून तपासणी टॅबलेटवर. कागदी दाखले बंद. त्याआधी प्रत्येकाने आपलं डिजिटल कौशल्य स्वतः तपासायचं. बारा प्रश्न आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण, शेवटी सरासरी. तीन किंवा त्याहून जास्त आली तर बाजाराची फेरी. तीनच्या खाली आली तर तळघरातलं कोठार."

कोठार हा शब्द ऐकताच साहेबांनी पेटीचा पट्टा घट्ट धरला. तळघरात जप्त केलेले तराजू रचलेले होते. तेथे मावशी नव्हत्या, बर्फ नव्हता, खिळेवाला म्हातारा नव्हता. होता एक मिणमिणता दिवा आणि काटा मोडलेल्या तराजूंचे मौन. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. ती तेथे काढायची?

"आकडा दहा दिवसांत ऑनलाइन भरा," मॅडम म्हणाल्या. "पाच वाजेपर्यंत. कोणी तपासायला येणार नाही. तुमचा तुमच्यावर विश्वास, माझा तुमच्यावर विश्वास."

कार्यालयात एक सहकारी होते. कोणतेही काम समोर आले की ते "सोप्पंय!" म्हणत, म्हणून त्यांना सारे सोप्पंयराव म्हणत. ते तेथल्या तेथे संगणकापुढे बसले. माउस त्यांनी उलटा धरला होता. बाण वर न्यावा तर खाली जाई, खाली न्यावा तर वर. "मशीन जरा हट्टी आहे," असे म्हणत त्यांनी पाच, पाच, पाच, असे बारा वेळा पाच मिळवले, आणि उठताना म्हणाले, "सोप्पंय!"

गुंजसाहेब मात्र तक्ता हातात धरून उभेच.

"मॅडम, एक शंका. हे ताडून बघायचं कशाशी?"

"कशाशी म्हणजे? मनाला विचारा."

"तराजूला विचारून तराजू तपासत नाहीत मॅडम. त्याच्यावर प्रमाण वजन ठेवावं लागतं."

"अहो, मन काय तराजू आहे का?"

"तराजूच आहे. पण त्याचा काटा कधी शून्यावर येत नाही. पारडं रिकामं असलं तरी थोडा आपल्याच बाजूला झुकलेला असतो."

सारे कार्यालय हसले. मॅडमही हसल्या. पण साहेब हसले नाहीत, कारण साहेबांनी विनोद केलाच नव्हता.

घरी तिघे राहत. साहेब; त्यांच्या पत्नी, ज्या पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवीत आणि ज्यांच्या गळ्यात मापाची फीत सदैव माळेसारखी असे; आणि सासूबाई. सासूबाईंचे वय एकोणऐंशी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभा जन्म काढला होता: कानाला यंत्र, हातात दोर, समोर शंभर भोके, आणि कोणाचा दोर कोणाच्या भोकात हे डोळे मिटून सांगण्याची सिद्धी. जिने शंभर घरांची भांडणे दोन हातांनी जोडली आणि तोडली, तिला एवढ्याशा फोनचे काय भय? व्हिडिओ कॉलवर त्या चार बहिणींना एकाच वेळी चारी दिशांनी आणून बसवीत. त्यांचे श्रवणयंत्र फोनला जोडलेले होते, आणि घरात कोण जास्त बोलू लागले की त्या शांतपणे बोट फिरवून त्याचा आवाज कमी करीत.

"सध्या जावईबापूंना तीनवर ठेवलंय," असे त्या लेकीला सांगत. "दोनवर ठेवलं तर अगदीच वाईट दिसेल."

साहेबांनी विचार केला. प्रमाण वजन कसे असावे? जुने असावे. स्थिर असावे. काळाने झिजू नये, हवेने गंजू नये, कोणाच्या भिडेने हलू नये. आणि उघड्या हाताने त्याला स्पर्श करण्याचे धाडस कोणी करू नये. विचार करता करता त्यांची नजर खिडकीपाशी लोकर विणत बसलेल्या सासूबाईंवर जाऊन थांबली, आणि काटा मध्यावर आला.

"आई," ते हात जोडून म्हणाले, "तुम्ही माझं प्रमाण वजन व्हाल?"

पुढच्या खोलीतले शिलाईयंत्र थांबले.

"मला वजन म्हणालात?" सासूबाईंनी श्रवणयंत्र तीनवरून सातवर नेले.

"प्रमाण वजन, आई. मखमलीत ठेवतात ते."

"मखमलीत? मग हरकत नाही."

येथे एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लग्नाची बोलणी करायला साहेब प्रथमच या घरी आले. नोकरीला तीन वर्षे झाली होती आणि पेटी सोबतच असे. सासूबाई तेव्हा एक्स्चेंजमधून आल्यावर घरी लोकरीच्या गुंड्या विकत. कोपऱ्यात त्यांचा तबकडीचा तराजू होता. गप्पा रंगल्या, लोकांचा होकार चेहऱ्यावर आला, आणि भावी जावई मात्र उठून तराजूपाशी गेला, चिमट्याने वजन ठेवले, श्वास रोखला, आणि म्हणाला, "अकरा ग्रॅमचा फरक आहे." तेथल्या तेथे तारेचा फास घालून, शिशाची गोळी दाबून त्याने तो तराजू नापास ठरवून बंद केला. मग हात पुसून बसला आणि म्हणाला, "हं, तर तारीख कोणती धरायची?"

लग्न झाले, हीच परमेश्वराची कृपा. सासूबाईंनी तराजू टाकला नाही, दुरुस्तही केला नाही. सील लावलेल्या स्थितीत तो कपाटावर मांडला, रोज पुसला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून सांगितले, "ही जावयाची पहिली भेट."

त्यामुळे आता तक्ता त्यांच्या हाती देताना साहेबांना घाम फुटला.

"आई, मागचं काही मनात ठेवू नका."

"मी प्रमाण आहे ना? प्रमाण वजन रुसत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि कपाटावरच्या तराजूकडे पाहून चष्मा चढवला. "बसा."

तपासणी जेवणाच्या टेबलावर झाली. पत्नी साक्षीदार. साहेबांनी नियम सांगितले: प्रत्येक प्रश्न तीनदा, आणि आधी शून्याची चाचणी. रिकामे पारडे जसे आधी पाहतात, तसा बंद फोन आधी हातात घ्यायचा. फोन बंद करून दिला. साहेबांनी त्यावर दोन मिनिटे गंभीरपणे बोटे फिरवली आणि म्हणाले, "रेंज नाही वाटतं."

"शून्यातच चूक आहे," सासूबाईंनी नोंद करायला सांगितले.

पुढचा प्रश्न फोटो काढून योग्य व्यक्तीला पाठवण्याचा. साहेबांनी फुलदाणीचा फोटो काढला. त्यात फुलदाणी नव्हती, साहेबांची डावी नाकपुडी होती, अतिशय स्पष्ट आणि उजळ. योग्य व्यक्ती पत्नी होती. फोटो गेला कार्यालयाच्या गटावर. क्षणात सोप्पंयरावांचे उत्तर आले: एक अंगठा. पासवर्डचा प्रश्न आला तेव्हा साहेबांनी अभिमानाने एक पाकीट काढले. पासवर्ड आत होता, पाकीट डकवलेले होते, डकवलेल्या जागी तीन सह्या होत्या. उघडायचे तर दोन साक्षीदार हवेत, आणि उघडले की नवे पाकीट. त्या एका दुपारी सात पाकिटे लागली.

"अहो, माझ्या सह्या करून करून मापं चुकायला लागली," पत्नी म्हणाल्या. "त्या बाईचा ब्लाउज आता तिच्या नवऱ्याला होईल."

व्हिडिओ कॉलचा प्रश्न आला तसे साहेब बाजूच्या खोलीत गेले. सासूबाईंनी कॉल लावला. साहेबांनी तो उचलला आणि जन्माच्या सवयीने फोन कानाला लावला.

"हॅलो आई, ऐकू येतंय ना?"

"ऐकू येतंय. दिसतंयही," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुमच्या कानाचं दर्शन किती वेळ घ्यायचं?"

एका प्रश्नात मात्र नवल घडले. आलेली माहिती खरी की खोटी हे ओळखता येते का, असा तो प्रश्न. साहेबांनी फोनवर आलेले सारे निरोप दाखवले. त्यांतल्या प्रत्येकाला त्यांनी उत्तर धाडले होते: 'मूळ पुरावा सात दिवसांत सादर करावा.' चुलतभावाने मुलाच्या बारशाचा निरोप धाडला होता, त्यालाही तेच.

"यात पाच," सासूबाई म्हणाल्या. "यात तुम्ही माझ्याही पुढे."

पण बाकीच्यांत एक, एक, दोन, एक. बेरीज एकवीस. बाराने भागून पावणेदोन.

पत्नींनी गळ्यातली फीत काढून पुन्हा गळ्यात घातली.

"अहो, लिहा की तीन. कोण बघतंय?"

"अगं, हेच वाक्य मला बाजारात रोज कोणीतरी ऐकवतं. कोण बघतंय साहेब! आणि मी काय सांगतो? मी बघतोय." साहेबांचा आवाज ओला झाला. "तीन लिहीन. पण उद्या मावशींच्या पारड्यापुढे कोणत्या तोंडाने उभा राहू?"

"मग माझ्याकडून थोडं शिका. मी कपडा बेतताना अंगापेक्षा थोडा सैल ठेवते. श्वास घ्यायला जागा लागते माणसाला."

"कपड्यात ठेव. तराजूत नको."

सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या. "रडायचं कारण नाही. नऊ दिवस आहेत. एक्स्चेंजमध्ये मी याहून मठ्ठ पोरी तयार केल्यात." त्या साहेबांकडे वळल्या. "उद्यापासून नऊ वाजता. नखं कापून या."

आणि शिकवणी सुरू झाली. सासूबाईंची रीत एक्स्चेंजची. प्रत्येक वस्तू म्हणजे एक दोर, दोराला दोन टोके. कोठून निघाले ते बोला, कोठे जायचे ते बोला, मगच बोट लावा. साहेब मोठ्याने म्हणत, "फोटो इथून निघाला, गटावर नाही, पत्नीकडे जायचंय." आणि पुढच्या खोलीत पत्नींचा फोन वाजे. "पोचला!" "काय दिसतंय?" "फुलदाणी!" मग तिघे असे हसत जणू घरात बाळाने पहिले पाऊल टाकले. पासवर्डचे पाकीट सासूबाईंनी फाडले. "नंबर पाठ करायचा. मला तीनशे पाठ होते." साहेब आंघोळ करताना पासवर्ड म्हणू लागले, तेव्हा पत्नींनी दारावर थाप मारून सांगितले, "अहो, मनात! अख्ख्या इमारतीला पाठ झाला!" पासवर्ड बदलावा लागला. फाइलींना नावे द्यायला साहेब शिकले. आधी त्यांच्या सर्व फाइलींचे नाव 'महत्त्वाचे' असे होते. अक्षरे टंकताना एकच बोट चाले, पण ते बोट आता चुकत नसे. कानाची सवय मात्र सुटेना. कॉल आला की हात आपोआप वर जाई. सासूबाई लोकरीची गुंडी फेकून मारीत, आणि हात खाली येई.

नवव्या दिवशी साहेबांचा फोन सर्वांगाने जमून आला. अक्षरे मोठी झाली, आवाज बेताचा झाला, कार्यालयाचे अॅप आपल्या जागी बसले. साहेबांनी फोन टेबलावर ठेवला, चारी बाजूंनी पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते बाजारातले समाधान उमटले. मग त्यांनी तेच केले जे जमून आलेल्या प्रत्येक यंत्राचे एकतीस वर्षे करीत आले होते. पेटी उघडली, तार काढली, फोनभोवती उभी-आडवी आवळली, शिशाची गोळी दाबली, ठसा मारला.

"आता कोणी बिघडवणार नाही," ते म्हणाले, आणि समाधानाने चहा प्याले.

दहाव्या दिवशी दुपारी शेवटची तपासणी ठरली होती. पत्नी वही घेऊन बसल्या. सासूबाईंनी फोन हाती घेतला, उलटसुलट केला आणि चष्म्यावरून पाहिले.

"जावईबापू, हे काय?"

"सील."

"कुठे लावलंय?"

साहेबांनी वाकून पाहिले. शिशाची गोळी बरोबर चार्जरच्या भोकात बसली होती, इतकी घट्ट की वाराही आत जाऊ नये. फोनवर बॅटरी दिसत होती: नऊ टक्के. घड्याळात चार वाजायला दहा मिनिटे होती, आणि पाच वाजता तक्त्याची मुदत संपणार होती.

"कात्री आणते," पत्नी उठल्या.

"थांब!" साहेब ओरडले. "सील आहे ते!"

"तुमचंच आहे ना?"

"म्हणून तर. फेरतपासणीचं लेखी कारण, दोन पंचांसमोर पंचनामा आणि वरिष्ठांची परवानगी. त्याशिवाय सील तुटत नाही."

"अहो, फोन मरतोय!"

"मग माझ्या फोनवरून करा," सासूबाई म्हणाल्या.

"अॅपमध्ये माझी ओळख याच फोनवर पटते आई. दुसरा चालत नाही."

पत्नींनी कात्री उगारली, साहेबांनी दोन्ही हात फोनवर धरले. आठ टक्के. तेव्हा एक्स्चेंजमधला तो जुना, शांत, शंभर घरांना शांत करणारा आवाज उमटला:

"जावईबापू. कुठून निघालं, कुठे जायचंय, ते बोला."

साहेबांनी डोळे मिटले. "पंचनामा इथून निघाला. मॅडमकडे जायचंय. गटावर नाही."

"लावा बोट."

एक बोट निघाले. पत्नींनी शिवणवर्गाचा आरसा पुढे धरला, त्यात सीलचा फोटो: गोळी दिसली, ठसा दिसला, नाकपुडी दिसली नाही. सात टक्के. पंचनामा टंकला: 'आज रोजी खाली सही करणारे पंच, एक पत्नी, एक सासू, यांच्यासमोर असे दिसून आले की तपासनिसाने स्वतःच्या फोनचे तोंड स्वतः बंद केले आहे.' सहा टक्के. फाइलीला नाव दिले, 'महत्त्वाचे' नव्हे, तर तारखेसह विषय. जागच्या जागी ठेवली. पाच टक्के. अॅपने पासवर्ड मागितला. साहेबांचा हात सवयीने पाकिटाकडे गेला, थांबला, आणि त्यांनी तो मनातून लिहिला. फोटो जोडला, पंचनामा जोडला, मॅडमचे नाव दोनदा वाचले. चार टक्के. पाठवले.

तिघेही श्वास रोखून बसले, काटा थांबण्याची वाट पाहावी तसे.

फोन वाजला. मॅडमचा व्हिडिओ कॉल. साहेबांनी उचलला, आणि हात वर गेला. कानाशी. सासूबाईंनी गुंडी फेकली, पण नेम चुकला.

"साहेब," फोनमधून आवाज आला, "मला तुमचा कान दिसतोय. आणि तुमचा पंचनामाही मिळाला. हे खरं आहे?"

"अक्षरशः खरं आहे मॅडम. तीन टक्के उरलेत."

मग पलीकडून जे ऐकू आले ते मॅडम टेबलावर डोके ठेवून हसत असल्याचे होते. "परवानगी," त्या कशाबशा म्हणाल्या. "तोडा. तोडा ते सील!"

साहेबांनी पेटीतल्या पक्कडीने तार कापली. चार्जर आत शिरला तेव्हा एक टक्का उरला होता. पत्नींनी देवाचे नाव घेतले. साहेबांनी वहीत वेळ लिहिली.

"आता गुण," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तपासणी तर व्हायचीय."

"झाली. आत्ता केलंत ते काय होतं?" त्यांनी तक्ता पुढे ओढला आणि एकेक प्रश्न वाचत गेल्या. फोटो, तीन. फाइल, तीन. पासवर्ड, तीन. योग्य व्यक्ती, तीन. टंकलेखन, एकाच बोटाने, दोन. माहितीची पारख, पाच. व्हिडिओ कॉल... त्या थांबल्या. "कान. एक."

पत्नींनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि वही मिटली. "पस्तीस. हवेत छत्तीस."

साहेबांनी हातातली शिशाची चेपलेली गोळी मखमलीच्या खळग्यात ठेवली आणि पेटी बंद केली. साडेचार वाजले होते.

"तुमच्या कायद्यात," सासूबाईंनी विचारले, "तराजू अगदी तंतोतंतच लागतो?"

"नाही आई. थोडी सूट असते. नव्या तराजूला त्याच्या सर्वांत लहान रेघेच्या अर्ध्याइतकी चूक चालते."

"आणि जुन्याला?"

"वापरातल्याला दुप्पट. एक पूर्ण रेघ."

"या तक्त्यातली सर्वांत लहान रेघ कोणती?"

साहेबांनी तक्त्याकडे पाहिले. "एक गुण."

"आणि तुम्ही नवे की वापरातले?"

"अठ्ठावीस वर्षं तर मीच वापरतेय!" पत्नी उसळून म्हणाल्या.

साहेबांच्या चेहऱ्यावर प्रकाश पसरू लागला. नियमाने बसत होते! ही मेहेरबानी नव्हती, पदरचे घातलेले काही नव्हते. ते तोंड उघडून काही बोलणार, तोच त्यांची नजर कपाटाच्या माथ्यावर गेली, आणि चेहऱ्यावरचा प्रकाश पांढरा पडला. ते उठले. स्टुलावर चढले. सील लावलेला तो तराजू दोन्ही हातांनी खाली घेऊन तबकडीच्या रेघा मोजू लागले.

"काय झालं हो?"

"आई, या तबकडीची लहान रेघ वीस ग्रॅमची आहे." साहेबांनी रेघेवर बोट ठेवले. "अर्धी रेघ दहा. फरक अकराचा होता, म्हणून मी सील केलं. पण ती सूट नव्या तराजूची! हा तर तेव्हाही वापरातला होता. याला वीस चालले असते."

"मग नवा का धरलात?"

"तुम्ही तो इतका लखलखीत पुसून ठेवला होता..." साहेब स्टुलावरच बसले. "मला नवाच वाटला. माझी चूक झाली आई. तुमचा तराजू बरोबर होता."

सासूबाईंनी हळूच श्रवणयंत्राला बोट लावले.

"पुन्हा म्हणा. दहावर ठेवलंय."

"तुमचा तराजू बरोबर होता, आई."

"हं," सासूबाई म्हणाल्या, आणि विणकामात तोंड खुपसून बराच वेळ टाके मोजत राहिल्या. टाके मोजताना डोळे पुसायची गरज नसते. त्यांनी ते का पुसले हे साहेबांनी विचारले नाही. मग मान न उचलता त्या म्हणाल्या, "पावणेपाच झाले. भरा तो आकडा."

साहेबांनी तीन भरला. शेऱ्याच्या चौकटीत एका बोटाने लिहिले: 'वापरातील यंत्रास अनुज्ञेय सूट धरून. फेरतपासणी तीन महिन्यांनी.' आणि पाठवले.

पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी मॅडमनी टॅबलेट वाटले. पहिल्या तारखेला सोप्पंयराव आपला टॅबलेट काखेत धरून बाजारभर फिरून आले. पासवर्ड पाचदा चुकून तो दहा वाजताच बंद पडला होता. संध्याकाळी ते साहेबांच्या घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "तुमच्या सासूबाई तपासणी करतात म्हणे. अवघड असते का हो?"

"नखं कापून आलात?" आतून आवाज आला.

साहेबांनी त्या दिवशी टॅबलेटवर पहिली नोंद केली ती मात्र बाजारातली नव्हती. सकाळी निघण्यापूर्वी त्यांनी टेबलावर तो तबकडीचा तराजू ठेवला, रीतसर परवानगी घेऊन जुने सील तोडले, चिमट्याने प्रमाण वजन ठेवले. काटा अठ्ठावीस वर्षांनी हलला, थरथरला, थांबला. अकरा. एका ग्रॅमचाही पालट नव्हता. साहेबांनी फोटो काढला, नोंद भरली आणि टॅबलेटचा पडदा सासूबाईंपुढे धरला: 'वापरातील तराजू. सूट धरून उत्तीर्ण.'

सासूबाईंनी ते दोनदा वाचले. मग लोकरीची एक गुंडी उचलून पारड्यात ठेवली आणि काट्याकडे पाहत म्हणाल्या, "उशिराला किती सूट असते तुमच्यात?"

"त्याला नियम नाही आई."

"बरं. लेकीला कळवा, तराजू सुटला म्हणून. कपडा आणायला गेलीय."

साहेबांनी पत्नीला व्हिडिओ कॉल लावला. तो लागला. पलीकडून कापडाच्या दुकानातला गलबला ऐकू आला, आणि त्यातून एक ओळखीचा, प्रेमळ, त्रासलेला आवाज:

"अहो, कान!"